तुरट पाला : कुलाब्याच्या डोंगरातले रान, गुरे आणि कोठीपोट

गागोदे बुद्रुक हे रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्याच्या पेण तालुक्यातले गाव. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे जन्मले, म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग खाडीकाठचा, खारजमिनीचा. पूर्वेकडे जमीन चढत जाते आणि डोंगर लागतात. गागोदे या डोंगरांच्या बाजूचे. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी आणि वरी, त्याच्या वर ऐन, किंजळ, खैर, हेद, कळंब यांचे पानझडी रान, अशी येथील जमिनीची जुनी विभागणी. पावसाळ्यात गवत माजते, पण दिवाळीच्या सुमारास ते फुलोऱ्यावर येऊन निबर होते. तेथून पुढे मृगाचा पाऊस पडेपर्यंत गुरांच्या वाट्याला भाताचा पेंढा, बांधावरचे वाळके गवत आणि झाडांचा पाला एवढेच उरते. या पाल्यापैकी बराचसा तुरट असतो. हा तुरटपणा कातड्याच्या बाजारात, कायद्याच्या कागदांत आणि गुरांच्या पोटात वेगवेगळ्या वेळी ओळखला गेला. पोटातली ओळख सर्वांत उशिरा पटली.

तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात. हे एकच द्रव्य नव्हे, मोठे कुटुंब आहे. पाने, साल, कच्ची फळे आणि शेंगा यांत झाडे ते साठवतात. प्रथिनांना चिकटून त्यांचा न विरघळणारा साका करणे हा या साऱ्या कुटुंबाचा समान गुण. कच्चे जांभूळ किंवा हिरड्याचा तुकडा चघळला की तोंड आवळते, कारण लाळेतली वंगणासारखी प्रथिने टॅनिनला चिकटून बाजूला पडतात आणि जीभ टाळूवर कोरडी घासते. झाडाचा यात फायदा उघड आहे. किडा असो की गाय, पान खाणाऱ्याला त्या पानातले प्रथिन मिळू नये, अशी ही तजवीज. टॅनिनचे मुख्य दोन गट मानतात. हिरडा, बेहडा आणि ऐन यांच्या कुळात जास्त आढळणारा गट पाण्याच्या साहाय्याने फुटून गॅलिक आणि एलॅजिक आम्ले देतो. त्याला जलविघटनशील टॅनिन म्हणतात. दुसरा गट संघनित टॅनिनचा. खैर, बाभूळ आणि त्यांच्या भाईबंदांत तो ठळक असतो आणि तोडायला फार चिवट असतो.

कुलाब्याच्या डोंगरात टॅनिन काढण्याचा धंदा जुना आहे. खैराच्या गाभ्यापासून कात पाडणे हे कातकऱ्यांचे काम. कातकरी, काथोडी ही जमातीची नावेच त्यावरून पडली. खैर तोडून त्याचा लाल गाभा वेगळा करीत, त्याच्या ढलप्या मडक्यांत तासन्‌तास उकळीत, तो काढा आटवीत आणि घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडून वाळवीत. कात विड्यात गेला, औषधात गेला, रंगाऱ्याकडे गेला आणि युरोपातल्या कातडी कमावणाऱ्यांकडेही गेला. लंडनमध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली तुरट वनस्पतींवरचा आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला, तेव्हा त्याच्या तपासणीत मुंबईहून आलेला आणि बंगालहून आलेला असा दोन्ही प्रकारचा कात होता. कातडी उकळून केलेल्या सरसाचे पाणी तो काताच्या द्रावात घाली. गढूळ साका खाली बसे. साका वाळवून तोलला की टॅनिनचे प्रमाण कळे. मुंबईच्या कातात निम्म्याहून अधिक भाग टॅनिन निघाले. कोकणातली बकरी खैराचा पाला ओरबाडते तेव्हा तिच्या पोटात नेमकी हीच कसोटी चाललेली असते, फक्त सरसाच्या जागी तिच्या चाऱ्यातले आणि तिच्या स्वतःच्या शरीरातले प्रथिन असते. हा धागा जुळायला पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

हिरड्याचा व्यापार काताहूनही मोठा झाला. वाळलेल्या हिरड्यात सुमारे एक-तृतीयांश टॅनिन भरते आणि ते जलविघटनशील गटातले असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जाऊ लागला आणि तिकडच्या बाजारात त्याच्या प्रती बंदरांच्या व गावांच्या नावांनी चालत. भीमुनिपट्टणम आणि जबलपूर यांच्या नावांच्या प्रती होत्या, तशी वेंगुर्ल्याच्या नावाचीही एक होती. सह्याद्रीतल्या आदिवासींना हिरडा गोळा करून रोकड मिळे, आणि सरकारी वनखात्याला त्याच्या लिलावातून उत्पन्न. किनाऱ्यावर ऐनाच्या सालीचा उपयोग वेगळाच होता. कोळी आपली सुताची जाळी सालीच्या काढ्यात बुडवून काढीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत नसत. जाळ्याला कुजवणारे जीवाणू आणि गुराच्या पोटात गवत कुजवणारे जीवाणू हे तत्त्वतः एकाच प्रकारचे कामकरी. टॅनिन दोघांचेही हात बांधते. कोळ्याला जे हवे असते ते गुराख्याला नको असते.

डोंगरी शेतीत मात्र ऐनाचे मोल त्याच्या पाल्यासाठी होते, आणि तेही गुरांना घालण्यासाठी नव्हे तर जाळण्यासाठी. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे तो उन्हाळ्यात भाजून काढण्याची रीत ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सार्वत्रिक होती. त्याला राब म्हणतात. थंडी सरता सरता शेतकरी ऐनावर चढून फांद्या छाटी. या छाटलेल्या पाल्याच्या भाऱ्यांना कवळ म्हणत. कवळ वाळू देत. मग रोपाच्या जागेवर खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत व पातेरा आणि सर्वांत वर पातळ मातीचा थर, अशी मांडणी करून एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने आग लावीत. माती वरून दाबल्यामुळे जाळ भडकत नसे; रात्रभर धुमसून तण आणि किडे मरत, जमीन भुसभुशीत होई. पहिल्या पावसात त्याच राखेत भात पेरीत. डॉ. व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीवरील १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात असलेल्या हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ साली पश्चिम हिंदुस्थानातील राबावर स्वतंत्र निबंध काढला. गुण राखेचा की जमीन तापण्याचा, हा त्यातला मुख्य प्रश्न होता.

गुरांचा विचार करता राबाचा अर्थ असा की वर्षातल्या सर्वांत टंचाईच्या काळात रानातल्या सर्वांत मुबलक झाडाचा पाला गोठ्यात न जाता खाचरात जळत असे. शेतकरी यात वेडा नव्हता. ऐनाचे जून पान चामड्यासारखे जाड आणि तुरट. गाय ते नाइलाजानेच तोंडात धरते. धामण, उंबर, फणस यांची पाने गुरे-शेरडे आवडीने खातात, ती कोणी राबात घालीत नसे. कोणता पाला जाळायचा आणि कोणता वैरणीला ठेवायचा याची जी वाटणी कोकणी शेतकऱ्याने केली, ती पुष्कळ अंशी टॅनिनच्या प्रमाणाबरहुकूम आहे, असे आज दिसते.

कवळ तोडण्याचा हक्क आणि चराईचा हक्क यांवरूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकार आणि रयत यांची जुंपली. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या आणि डोंगरउताराचे मोठे पट्टे रयतेच्या वापरातून निघाले. खैर सरकारी झाला तसा कात पाडण्याचा धंदाही बसला; कातकरी कोळसा पाडण्याकडे आणि पुढे वीटभट्ट्यांकडे वळले. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जो राग काढला आहे, त्यात गरिबाच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही हीच तक्रार आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा. राबाच्या सवलती पुरत्या गेल्या नाहीत, पण कोणी, कुठून आणि कोणत्या झाडाचा किती पाला काढावा याचे नियम होत गेले. हा असंतोष पुढे १९३० च्या जंगल सत्याग्रहात उफाळला. चिरनेरचा गोळीबार त्याच वर्षी २५ सप्टेंबरला याच जिल्ह्यात झाला.

या सगळ्या झगड्यात शेळीची बाजू कोणी घेतली नाही. गायीबैलांना फी भरून जंगल मोकळे होई, शेळीला बहुधा मनाईच असे. कोवळे शेंडे खाऊन ती झाडाची वाढ खुंटवते, हा वनखात्याचा आक्षेप खोटा नव्हता. पण तो अपुरा होता. डोंगरउतारावर गाय जे खाऊ शकत नाही ते शेळी का खाऊ शकते, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला नाही. पडला असता तरी उत्तर द्यायला शास्त्र तयार नव्हते.

त्या उत्तरासाठी आधी पेंढ्याचा हिशेब पाहायला हवा. भाताच्या पेंढ्यात प्रथिन अवघे तीन-चार टक्के असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव नीट काम करायचे तर चाऱ्यात सात टक्क्यांच्या आसपास तरी प्रथिन लागते. त्याखाली गेले की त्यांची वाढ मंदावते, पेंढा पचेनासा होतो, जनावर खाणेच कमी करते आणि पोट भरलेले असूनही वाळत जाते. झाडाच्या पाल्यात दहा ते पंधरा टक्के प्रथिन सहज सापडते. म्हणजे पेंढ्याला पाल्याची जोड हा कागदावर उत्तम उपाय. अडचण एवढीच की ते प्रथिन टॅनिनच्या कुलुपात असते, आणि टॅनिन जास्त असेल तर पेंढ्यातले होते नव्हते तेवढेही अडकवून ठेवते. कोकणातले जनावर लहान चणीचे आणि उन्हाळ्यात हाडे दिसणारे का, याची कारणे अनेक आहेत; त्यांतले एक येथे आहे.

गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा तो कोठीपोट. मोठ्या गायीत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. त्यापुढे जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी आम्ल स्रवणारे खरे पोट. कोठीपोटात प्राणवायू जवळजवळ नसतो, तापमान ३९ अंशांच्या आसपास असते आणि तेथे एका मिलीलिटर रसात हजार कोटींच्या घरात जीवाणू राहतात. त्यांच्यासोबत आदिजीव आणि बुरश्याही असतात. गवतातला सेल्युलोज तोडण्याची ताकद गायीत नाही, या जीवाणूंत आहे. ते त्यापासून असेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले करतात. गाय कोठीपोटाच्या भिंतीतून ती शोषून घेते आणि तिची बहुतेक ऊर्जा त्यातून येते. वाढलेले जीवाणू पुढे खऱ्या पोटात वाहत जाऊन स्वतःच पचतात आणि गायीचे प्रथिन होतात. कोठीपोटातले आदिजीव ग्रुबी आणि डेलाफों यांनी १८४३ मध्ये पाहिले होते. पण प्राणवायूत मरणारे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे कसे, हे कोडे शंभर वर्षे सुटले नाही. अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी ते सोडवले. बंद नळीत प्राणवायूविरहित वायू भरून, नळीच्या आतल्या भिंतीवर माध्यमाचा पातळ थर फिरवून वसाहती वाढवण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९६६ चा त्यांचा कोठीपोटावरचा ग्रंथ हा या शास्त्राचा पाया.

तुरट पाला कोठीपोटात पडला की टॅनिन तीन ठिकाणी बाधते. चाऱ्यातल्या प्रथिनाला चिकटून ते जीवाणूंच्या हाती लागू देत नाही. जीवाणूंनी गवत तोडण्यासाठी बाहेर सोडलेली विकरे प्रथिनांचीच असतात. त्यांनाही ते धरते आणि सेल्युलोजचे पचन मंदावते. शिवाय जीवाणूंच्या आवरणाला चिकटून आणि लोहासारखी खनिजे बांधून ते त्यांची वाढ रोखते. जलविघटनशील टॅनिनचा चौथा धोका वेगळा. ते फुटून तयार होणारी छोटी द्रव्ये, विशेषतः पायरोगॅलॉल, रक्तात जास्त गेली तर यकृत आणि मूत्रपिंड बिघडवतात. हिमालयात बांज या ओकच्या झाडाची कोवळी पाने खाऊन गुरे दगावतात ती याच मार्गाने.

जनावरे यावर वेगवेगळे उपाय करतात. शेळीचा पहिला उपाय वागण्यातला आहे. ती एका झाडापाशी ठाण मांडत नाही. लवचिक ओठांनी चार पाने येथली, दोन शेंडे तेथले, मागच्या पायांवर उभे राहून वरची एखादी डहाळी असे खात पुढे सरकते. वेगवेगळ्या झाडांची वेगवेगळी विषे थोडी थोडी पोटात जातात आणि कोणतेच डोईजड होत नाही. गायीची जीभ गवताचा घास वेढून ओढण्यासाठी घडलेली. तिला ही निवड जमत नाही. दुसरा उपाय लाळेतला. हरणांच्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात, ती टॅनिनला घट्ट धरून चाऱ्यातले प्रथिन वाचवतात. गायीत आणि मेंढीत ती आढळत नाहीत. शेळीच्या बाबतीत संशोधकांचे एकमत नाही.

तिसरा उपाय सूक्ष्मजीवांचा, आणि त्याचा शोध ऑस्ट्रेलियात लागला. तेथील कोरड्या प्रदेशात मुलगा नावाची बाभळीच्या कुळातली झाडे आहेत. दुष्काळात मेंढपाळ त्यांच्या फांद्या तोडून मेंढ्यांना घालतात, पण टॅनिनमुळे मेंढ्या त्यावर जेमतेम तग धरतात. त्याच रानात मोकाट सुटलेल्या शेळ्या मात्र मजेत जगतात. जॉन ब्रूकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा शेळ्यांच्या कोठीपोटातून एक गोल, साखळीने वाढणारा जीवाणू वेगळा केला. माध्यमात अडीच टक्के टॅनिक आम्ल असतानाही तो वाढत होता. एवढ्यात इतर बहुतेक जीवाणू मरतात. त्याला शेळीवरून स्ट्रेप्टोकोकस कॅप्रिनस असे नाव दिले. पुढे १९९७ मध्ये तो स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस या जातीचाच असल्याचे दाखवले गेले. ब्रूकर यांच्या आधी ओसावा यांनी कोआला या निलगिरीची पाने खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्यातून टॅनिन तोडणारे जीवाणू मिळवले होते. त्यांची कसोटी सुरेख होती. टॅनिन मिसळल्यावर माध्यमाची वाटी प्रथिनाच्या साक्याने धुरकट होते. जीवाणू तिच्यावर पेरून थांबायचे. ज्याच्या वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक वलय उमटेल तो टॅनिन आणि प्रथिन यांची जोडी सोडवणारा. डेव्हीने सरस घालून जो साका पाडला, तोच येथे जीवाणू विरघळवत होता.

जलविघटनशील टॅनिन तोडणारे विकर शास्त्राला फार आधी, बुरशीत, माहीत झाले होते. फ्रान्समध्ये व्हान टिघेम यांनी १८६७ मध्ये टॅनिनच्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या बुरशीकडून गॅलिक आम्ल तयार होताना पाहिले. त्या विकराला पुढे टॅनेज म्हणू लागले. कोठीपोटात हे काम साखळीने चालते. टॅनेज असलेले जीवाणू गॅलोटॅनिनचे, म्हणजे जलविघटनशील टॅनिनच्या एका प्रकाराचे, गॅलिक आम्ल करतात. दुसरे त्याचा कार्बन डायऑक्साइड काढून पायरोगॅलॉल करतात. तिसरे ते पुढे मोडून साधी आम्ले करतात. क्रुम्होल्झ व ब्रायंट यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेला युबॅक्टेरियम ऑक्सिडोरेड्युसेन्स हा या शेवटच्या टप्प्यातला. यातली एक कडी कमी असेल तर विष मध्येच साचते. म्हणून तुरट पाल्याची सवय एका दिवसात होत नाही. पाला थोडा थोडा वाढवत नेला तर साखळीतले सारे जीवाणू हळूहळू संख्येने वाढतात. उपाशी जनावराने एकदम पोटभर खाल्ला तर तेच पान घातक ठरते.

ही मंडळी करडाच्या पोटात जन्मतः नसतात. दूध पिताना अन्ननलिकेच्या खाचेतून दूध थेट खऱ्या पोटात जाते आणि कोठीपोट रिकामे, लहानसेच राहते. दोन-तीन आठवड्यांचे करडू आईशेजारी पाला चघळू लागते. तिची लाळ, तिने चाटलेले अंग, तिने अर्धवट खाल्लेली डहाळी, जमिनीवरच्या लेंड्या यांतून जीवाणूंचे बीज आत जाते. दोनेक महिन्यांत कोठीपोट कामाला लागते. म्हणजे रानातला पाला पचवण्याची पात्रता रक्तातून जेवढी येते तेवढीच कळपातूनही येते. ब्रूकर यांच्या गटाने हे मेंढ्यांवर करून पाहिले. मोकाट शेळ्यांच्या कोठीपोटातला रस मुलगा झाडाचा पाला खाणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात घातला, तेव्हा मेंढ्यांच्या अंगी लागणारे नत्र वाढले. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत केव्हिन कोल आणि डेनिस डिअरिंग यांनी २०१६ मध्ये असेच काम रवंथ न करणाऱ्या प्राण्यात दाखवले: रानउंदरांच्या आतड्यातले टॅनिन तोडणारे जीवाणू मिळालेले प्रयोगशाळेतले उंदीर टॅनिनयुक्त खाद्यावर अधिक चांगले टिकले. भारतात हिमाचल प्रदेशातल्या पालमपूर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या केंद्रात बांजाच्या पानांतले टॅनिन आणि ते तोडणारे सूक्ष्मजीव यांवर १९८० च्या दशकापासून काम झाले. पचन बंद पडलेल्या गायीला निरोगी गायीच्या कोठीपोटातला रस पाजणे हा उपचार तर पशुवैद्य नेहमीच करतात.

टॅनिनचे नव्हे पण अगदी शेजारचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे, आणि तेच या साऱ्या प्रकरणातले सर्वांत पक्के आहे. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९७० च्या दशकात सुबाभूळ देशभर पसरवली. वीस टक्क्यांहून अधिक प्रथिन, भराभर वाढ, इंधनही मिळते. बांधाबांधावर ती लागली. पण तिच्या पानात मिमोसिन नावाचे विष असते. ऑस्ट्रेलियात नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या गुरांचे केस गळत, गळ्याची ग्रंथी सुजे. रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले की हवाई बेटावरच्या शेळ्या तोच पाला खाऊनही ठणठणीत आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन तेथल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. विष तोडणाऱ्या जीवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांचेच नाव मिळाले: सिनर्जिस्टिस जोन्सिआय. आपल्याकडे मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, हा साधा सल्ला रूढ झाला आणि बहुतेकांचे काम त्यावर भागले.

संघनित टॅनिनच्या बाबतीत एवढे यश नाही. कोठीपोटातले जीवाणू ते सहन करतात, त्याच्यापासून स्वतःला वाचवणारी चिकट आवरणे तयार करतात, पण त्याचा गाभा फोडतात असे ठामपणे दिसलेले नाही. सुदैवाने संघनित टॅनिन सदैव शत्रू नसते. दुसरे एक जोन्स आणि मँगन यांनी १९७७ मध्ये दाखवले की टॅनिन व प्रथिनाची जोडी कोठीपोटाच्या सौम्य आम्लतेत टिकते आणि खऱ्या पोटाच्या तीव्र आम्लात सुटते. टॅनिन चाऱ्याच्या दोन ते चार टक्के असेल तर प्रथिन कोठीपोटात वाया न जाता पुढे जाऊन पचते. पोटफुगीही टळते, कारण फेस धरून ठेवणारी प्रथिने साका होऊन बसतात. शेळ्या-मेंढ्यांचे रक्त पिणाऱ्या जंतांचा जोर अशा चाऱ्यावर कमी झालेला अनेक चाचण्यांत दिसला आहे. पावसाळ्यात जंतांनी हैराण होणाऱ्या कोकणातल्या शेरडांसाठी हे महत्त्वाचे. पाच-सहा टक्क्यांच्या वर गेले की मात्र खाणे घटते आणि तोटा सुरू होतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे कुलाब्याच्या डोंगरातल्या चराईचा इतिहास थोडा वेगळा वाचावा लागतो. कळपाला रानाबाहेर काढल्याने हिरावली जाते ती चरण्याची जागा, एवढेच त्या काळी समजले जात होते. पण ज्या खाद्यावर पोटातली साखळी टिकते ते खाद्यच थांबले तर टॅनिन तोडणारे जीवाणू संख्येने घटतात, आणि पुढच्या पिढीच्या करडांना आईकडून मिळायचे बीजही पातळ होते. बाजारातून आणलेली, गवत आणि पेंडीवर वाढलेली शेळी पेणच्या डोंगरात सोडली तर पहिला उन्हाळा तिला जड जातो. स्थानिक कळपात राहिली तर ती सुधारते. यात वंशाचा वाटा किती आणि पोटातल्या बिऱ्हाडाचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. पण वनखात्याने जिच्यावर बंदी घातली ती शेळी एकटी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानाशी जुळवून घेतलेले जीवाणू ती पोटात वागवत होती.

पाला घालण्याच्या घरगुती रीतींनाही यातून अर्थ लागतो. छाटलेला पाला सावलीत सुकवून घातला की त्यातले टॅनिन काही प्रमाणात कमी उपलब्ध होते. पेंढ्यात मिसळून, पाल्याचे प्रमाण हळूहळू वाढवून आणि एकाच झाडाऐवजी चार झाडांचा पाला घालून जीवाणूंना सवय होण्यास वेळ मिळतो. व्यापारी गोठ्यांसाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्यही आहे. प्रथिनापेक्षा टॅनिन त्याला लवकर चिकटते, म्हणून ते चाऱ्यात घातल्यावर प्रथिन मोकळे राहते. पण दोन-चार शेळ्यांच्या मालकाला ते परवडणारे नाही.

जे टॅनिन जीवाणूंकडूनही सुटत नाही ते प्रथिनाला धरून शेणालेंडीतून बाहेर पडते. त्यामुळे तुरट पाला खाणाऱ्या जनावराचे नत्र मूत्रातून कमी आणि शेणातून जास्त जाते. मूत्रातले नत्र उन्हात अमोनिया होऊन उडून जाते. शेणात बांधलेले सावकाश सुटते आणि खताच्या खड्ड्यात तग धरते. पाल्यावर पोसलेल्या जनावराच्या लेंडीखताचा परिणाम शेतात जास्त दिवस राहतो, याचे एक कारण हे आहे.